ठेक्याचा धनी : बिल ब्लॅक

१९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून रात्री-अपरात्री धावणाऱ्या एका मोटारीच्या टपावर माणसाहून उंच असे एक वाद्य दोरांनी आवळून बांधलेले असे. एका गावचा कार्यक्रम आटोपायचा, गाडीत बसायचे आणि उजाडण्यापूर्वी पुढचा मुक्काम गाठायचा, असा तिच्यातील तीन तरुणांचा क्रम होता. तिघांपैकी एकाचे नाव पुढे जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. तो एल्विस प्रेस्ली. दुसरा स्कॉटी मूर. गिटारवादक म्हणून त्यालाही जाणकारांत मान मिळाला. टपावरच्या त्या अवजड वाद्याचा धनी असलेला तिसरा तरुण मात्र श्रोत्यांच्या विस्मरणात गेला. त्याचे नाव बिल ब्लॅक.

'रॉक अँड रोल'च्या इतिहासात ब्लॅकचा उल्लेख सहसा एल्विसचा बासवादक एवढाच होतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एल्विसची भेट होण्यापूर्वी ब्लॅक कित्येक वर्षे मेम्फिसच्या मद्यालयांमधून इतरांची गाजलेली गाणी वाजवीत होता. त्या रोजंदारीच्या वादनात जे कमावले, तेच त्याने एल्विसच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ओतले. त्या आवाजाने पुढे कोट्यवधींची उलाढाल झाली. ब्लॅकच्या वाट्याला आला तो आठवड्याचा पगार. संगतकाराचे श्रेय आणि त्याचा मेहनताना यांतील अंतर किती असू शकते, याचा त्याचे ३९ वर्षांचे आयुष्य हा चालताबोलता दाखला होय.

विल्यम पॅटन ब्लॅक ज्युनियर याचा जन्म १७ सप्टेंबर १९२६ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे झाला. वडील ट्रामचालक होते आणि नऊ भावंडांत बिल सर्वांत थोरला. घरात वाद्य विकत घेण्याची ऐपत नव्हती. वडिलांनी चिरुटाच्या रिकाम्या खोक्याला फळी ठोकली, तिच्यावर तारा ताणल्या आणि ते मुलाच्या हाती दिले. बिलच्या संगीतशिक्षणाचा आरंभ त्या खोक्यापासून झाला. मिसुरडही न फुटलेल्या वयात तो शहरातील मद्यालयांमध्ये गिटार वाजवू लागला.

मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले मेम्फिस ही कापसाची मोठी पेठ होती. आसपासच्या शेतांवरून आलेल्या कृष्णवर्णीयांचे 'ब्लूज', डोंगराळ भागातून आलेल्या गोऱ्या श्रमिकांचे 'कंट्री' आणि चर्चमधील भक्तिगीते असे तिन्ही प्रवाह या शहरात एकमेकांच्या शेजारून वाहत होते. कायद्याने माणसांच्या वस्त्या, शाळा, बसण्याच्या जागा वेगळ्या केल्या होत्या. रेडिओवरून येणारे सूर मात्र कोणत्याही घरात शिरत. ब्लॅकच्या कानांवर हे सारेच संस्कार झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो सैन्यात दाखल झाला आणि व्हर्जिनियातील फोर्ट ली येथे त्याची नेमणूक झाली. तेथेच एका संगीतप्रेमी कुटुंबातील एव्हलिन या तरुणीशी त्याची ओळख झाली. तीही गिटार वाजवीत असे. १९४६ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि ती दोघे मेम्फिसला परतली. ब्लॅकने फायरस्टोनच्या टायर कारखान्यात नोकरी धरली. दिवसा कारखाना आणि रात्री वादन असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. याच सुमारास त्याने गिटार बाजूला ठेवून 'डबल बास' हे भले मोठे वाद्य आपलेसे केले.

कंट्री संगीताच्या संचात बासवादकाचे काम वरवर पाहता अगदी साधे असते. सोपे करून सांगायचे तर गाण्याचा षड्ज आणि पंचम तो आलटूनपालटून वाजवीत राहतो. गायकाला त्याने सूर पुरवायचा, इतर वादकांना लय पुरवायची आणि स्वतः कोठेही पुढे यायचे नाही, अशी ही भूमिका. तिचे महत्त्व कळते ते ती चुकल्यावरच. बास अडखळला की नाचणाऱ्यांची पावले अडखळतात. त्या काळातील 'हाँकी-टाँक' म्हणजे कामगारवर्गाची नाचगाण्याची मद्यालये. तेथे जमणारी गर्दी नव्या रचना ऐकण्यासाठी येत नसे. रेडिओवर गाजत असलेली, सर्वांना तोंडपाठ असलेली गाणी तिला हवी असत आणि ती थेट पायांना कळतील अशा ठेक्यात हवी असत. संचाने ती द्यायची, रात्रीची बिदागी घ्यायची आणि सकाळी पुन्हा आपापल्या नोकरीवर हजर व्हायचे. अशा शेकडो संचांच्या बळावर ते संगीत जिवंत होते.

या व्यवसायात ब्लॅकने फ्रेड मॅडॉक्स या बासवादकाला आदर्श मानले. 'मॅडॉक्स ब्रदर्स अँड रोझ' या लोकप्रिय कौटुंबिक संचातील मॅडॉक्स बास छेडून थांबत नसे, तो त्यावर थापा मारी. तातीची जाड तार बोटाने ओढून सोडायची, म्हणजे ती लाकडी पट्टीवर आपटून टणत्कार होतो. लगेच तळहाताची थाप द्यायची, म्हणजे दुसरा ठोका मिळतो. एकाच वाद्यातून सूर आणि ताल दोन्ही निघतात. ढोलवादक ठेवणे न परवडणाऱ्या छोट्या संचांना ही युक्ती फार मोलाची होती. मॅडॉक्सकडून ब्लॅकने विनोदाचाही धडा घेतला. काही दात काळे रंगवून, गवती टोपी आणि ढगळ डांगरी घालून तो रंगमंचावर खेडवळ विदूषक होऊन येई. वादन रंगले नाही तरी गर्दी हसली पाहिजे, हे रोजंदारीवरच्या वादकाला आलेले शहाणपण होते.

१९५० च्या दशकाच्या आरंभी त्याची गाठ स्कॉटी मूरशी पडली. नौदलातून परतलेला मूर आपल्या भावांच्या ड्राय क्लिनिंगच्या व्यवसायात टोप्यांना आकार देण्याचे काम करीत असे. डग पॉइंडेक्स्टर या गायकाला पुढे करून त्यांनी 'स्टारलाइट रँग्लर्स' हा कंट्री संच उभा केला. मेम्फिसमधील 'बॉन एअर' या क्लबात त्यांचे नियमित कार्यक्रम होत. १९५४ च्या मे महिन्यात सॅम फिलिप्स याच्या 'सन' कंपनीसाठी या संचाची एक ध्वनिमुद्रिका निघाली, परंतु तिच्या मोजक्याच प्रती खपल्या. संच पुन्हा बॉन एअरच्या वाटेला लागला.

फिलिप्स त्या वेळी एका नव्या तरुण गायकाच्या आवाजाचा अंदाज घेत होता. त्याने मूरला त्याची परीक्षा घेण्यास सांगितले. ४ जुलै १९५४ रोजी, रविवारी, १९ वर्षांचा एल्विस प्रेस्ली मूरच्या घरी आला. त्याच रस्त्यावर काही घरे सोडून राहणारा ब्लॅकही तेथे डोकावला. एल्विसने ओळीने इतरांची गाणी म्हणून दाखवली. तो निघून गेल्यावर ब्लॅकने त्याच्याविषयी फारसा उत्साह दाखवला नाही. आवाज बरा आहे, एवढाच दोघांचा अभिप्राय होता.

दुसऱ्या दिवशी, ५ जुलैच्या संध्याकाळी, तिघे युनियन अव्हेन्यूवरील ७०६ क्रमांकाच्या छोट्याशा स्टुडिओत जमले. फिलिप्सला पूर्ण संच नको होता. केवळ गिटार आणि बास यांची साथ हवी होती. संथ प्रेमगीते गाऊन झाली, तरी काहीच जमेना. रात्र वाढली. मधल्या विश्रांतीत एल्विसने गंमत म्हणून आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचे 'दॅट्स ऑल राइट' हे ब्लूज गीत झपाट्याने म्हणायला सुरुवात केली. त्याचा अवखळपणा पाहून ब्लॅकने बास उचलला आणि थापा देत त्याच्यात सामील झाला. मागोमाग मूरची गिटार आली. आतल्या खोलीतून फिलिप्सने डोके बाहेर काढले, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली आणि ध्वनिमुद्रण सुरू केले. त्या मुद्रणात ढोल नाही. गाणे पळते ते एल्विसच्या हातातील गिटारवर आणि ब्लॅकच्या थापांवर.

तबकडीला दुसरी बाजू हवी होती आणि ती सापडण्याचे निमित्त ब्लॅकच झाला. 'ब्लू मून ऑफ केंटकी' ही बिल मनरो या ज्येष्ठ गायकाची तीन मात्रांच्या संथ चालीतील रचना. कंट्रीच्या चाहत्यांच्या दृष्टीने ती जवळजवळ पवित्रच. ब्लॅकने बास बडवीत, मनरोच्या उंच आवाजाची नक्कल करीत ती चार मात्रांच्या द्रुत ठेक्यात म्हणायला सुरुवात केली. मद्यालयातील विदूषकाचीच ती थट्टा होती. एल्विसने ती उचलली आणि थट्टेतून नवीच चीज जन्माला आली. जी गाणी वर्षानुवर्षे जशीच्या तशी वाजवली, त्यांची मोडतोड कोठे करता येते, हे त्या वादकाच्या हातांना नेमके ठाऊक होते.

१९ जुलै १९५४ रोजी ती ध्वनिमुद्रिका बाजारात आली. तिच्यावर एल्विस प्रेस्लीच्या नावाखाली स्कॉटी आणि बिल यांचीही नावे छापली होती. मिळकतीची वाटणीही ठरली : निम्मा हिस्सा एल्विसचा आणि पाव-पाव हिस्सा दोघा वादकांचा. 'रँग्लर्स' हा संच लवकरच विस्कटला आणि तिघांची भ्रमंती सुरू झाली.

आरंभीचे कार्यक्रम सोपे नव्हते. लाजऱ्या एल्विसला श्रोत्यांशी बोलता येत नसे आणि हे संगीत कंट्री की ब्लूज, याचा लोकांना उलगडा होत नसे. सभागृह थंड पडले की ब्लॅक बास आडवा करून त्यावर घोड्यासारखा स्वार होई, त्याच्यासह गरगर फिरे, आरोळ्या ठोके. हसलेले श्रोते मग गाणेही ऐकून घेत. ब्लॅक नसता तर त्या पहिल्या काही महिन्यांत आपला निभाव लागला नसता, अशी कबुली मूरने उतारवयातही दिली. ऑक्टोबर १९५४ मध्ये नॅशव्हिलच्या प्रतिष्ठित 'ग्रँड ओल ऑप्री'त त्यांना थंड प्रतिसाद मिळाला, पण लवकरच श्रीव्हपोर्टच्या 'लुइझियाना हेराइड' या रेडिओ कार्यक्रमाने त्यांना दर शनिवारसाठी करारबद्ध केले. तेथील मोबदला एका रात्रीला एल्विसला १८ डॉलर आणि दोघा वादकांना प्रत्येकी १२ डॉलर असा होता. ब्लॅकसारख्या संसारी माणसाने कारखान्यातील बांधील नोकरी सोडली ती अशा मिळकतीच्या भरवशावर. हेराइडचा ढोलवादक डी. जे. फाँटेना १९५५ मध्ये त्यांना येऊन मिळाला.

नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए या बड्या कंपनीने ३५ हजार डॉलर मोजून एल्विसचा करार 'सन'कडून विकत घेतला. कर्नल टॉम पार्कर या व्यवस्थापकाच्या हाती सूत्रे गेली. हिश्श्यांची भाषा तोवर संपली होती. आता वादक पगारी होते : दौरा असेल त्या आठवड्याला २०० डॉलर, नसेल तेव्हा १००. तबकड्यांवरून त्यांची नावे नाहीशी झाली. १९५६ मध्ये 'हार्टब्रेक हॉटेल', 'हाउंड डॉग', 'डोन्ट बी क्रूएल' ही गाणी एकामागून एक अग्रस्थानी पोहोचली. त्या तिन्हींत बास ब्लॅकचा आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एड सलिव्हन याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एल्विसला सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिले. गाण्यांचा खप लाखांच्या पटीत वाढत होता, पण पगाराचा आकडा जागचा हलला नाही. स्वतःच्या कपड्यांचा आणि प्रवासातील अन्नाचा खर्च त्यातूनच भागवावा लागे. वृत्तपत्रांना मुलाखती देण्याची मोकळीकही राहिली नाही. ज्या विदूषकाने सभागृहे जिंकून दिली होती, त्याची आता कोणाला गरज उरली नव्हती. एल्विस नुसता उभा राहिला तरी किंकाळ्या उठत.

वाद्यही बदलत होते. विजेवर चालणारी, आडवी धरून वाजवायची बास गिटार १९५१ पासून बाजारात आली होती. डबल बासला सारंगीप्रमाणे पडदे नसतात, जागा केवळ कानाने शोधावी लागते. बास गिटारला सतारीसारखे पडदे असतात, पण तिचा हात निराळा असतो. १९५७ मध्ये 'जेलहाउस रॉक' चित्रपटाच्या एका गाण्याचा आरंभीचा तुकडा ब्लॅकला या नव्या वाद्यावर काही केल्या साधेना. वैतागून त्याने ते खाली टाकले आणि तो स्टुडिओबाहेर निघून गेला. तो तुकडा मग खुद्द एल्विसने वाजवला. त्या रागामागे केवळ एका तुकड्याचा त्रास नसावा.

ठिणगी सप्टेंबर १९५७ मध्ये पडली. एल्विसच्या ध्वनिमुद्रणानंतर उरलेल्या वेळात वाद्यसंगीताच्या काही चिजा मुद्रित करण्याची मुभा वादकांना मिळेल, असे ठरले होते. ऐनवेळी ती नाकारण्यात आली. मूर आणि ब्लॅक यांनी राजीनाम्याची पत्रे पाठवून दिली. एल्विसने किरकोळ पगारवाढ देऊ केली. त्यांना ती पुरेशी वाटली नाही. वाद मेम्फिसच्या वृत्तपत्रांत गाजला. तुपेलो या एल्विसच्या जन्मगावी झालेल्या कार्यक्रमात दुसरेच वादक साथीला होते. काही आठवड्यांनी दोघे परतले, पण दिवसाच्या बोलीवर. मार्च १९५८ मध्ये एल्विस सैन्यात दाखल झाला आणि तो व्यवहारही थांबला. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा मूर आणि फाँटेना त्याच्या साथीला गेले. ब्लॅक गेला नाही.

मधल्या काळात तो मेम्फिसमधील घरगुती विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीच्या दुकानात काम करीत होता. जगातील सर्वांत लोकप्रिय गायकाचा बासवादक पुन्हा दिवसाच्या नोकरीवर आला होता. १९५९ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचा संच काढला, 'बिल ब्लॅक्स काँबो'. गिटारवर रेजी यंग, पियानोवर जो लुइस हॉल, सॅक्सोफोनवर मार्टिन विलिस आणि ढोलावर जेरी अर्नोल्ड. गायक नव्हताच. मेम्फिसच्याच 'हाय रेकॉर्ड्स' या छोट्या कंपनीने एका जुन्या चित्रपटगृहाचा स्टुडिओ केला होता. तेथे निघालेल्या 'स्मोकी, भाग २' या वाद्यसंगीताच्या तबकडीने सर्वसाधारण यादीत १७ वा आणि प्रामुख्याने कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या 'रिदम अँड ब्लूज' यादीत पहिला क्रमांक मिळवला. संचातील सर्व वादक गोरे होते. रेडिओवर ऐकणाऱ्याला ते कळण्याचे कारण नव्हते आणि त्याची पर्वाही नव्हती.

ब्लॅकची युक्ती जुनीच होती. लोकांना ठाऊक असलेली गाणी घ्यायची, ती नाचण्याजोग्या संथ, ठसठशीत ठेक्यात बसवायची आणि एकही सूर जास्त वाजवायचा नाही. १९६० मध्ये 'व्हाइट सिल्व्हर सँड्स' नवव्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी त्याने 'डोन्ट बी क्रूएल' पुन्हा वाजवले आणि ते ११ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. चार वर्षांपूर्वी याच गाण्याला त्याने पगारी साथ केली होती. या खेपेला तबकडीवर नाव त्याचे होते. सलिव्हनच्या त्याच कार्यक्रमात आता त्याचा स्वतःचा संच झळकला. चक बेरीच्या गाण्यांची, कंट्री चालींची अशा अनेक तबकड्या पुढे निघाल्या.

हे सुख फार टिकले नाही. १९६२ च्या सुमारास त्याने दौरे सोडले आणि मेम्फिसमध्ये स्वतःचा 'लिन-लू' स्टुडिओ चालवण्यात लक्ष घातले. १९६४ च्या उन्हाळ्यात 'बीटल्स' अमेरिकेच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्या आधी रंगमंचावर येण्याचा मान 'काँबो'ला मिळाला. मात्र प्रकृती बिघडल्यामुळे ज्याच्या नावाचा संच, तोच त्या दौऱ्यात नव्हता. डोकेदुखी आणि विस्मरणाचे कारण मेंदूतील गाठ असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया झाल्या, उपयोग झाला नाही. २१ ऑक्टोबर १९६५ रोजी मेम्फिस येथे त्याचे निधन झाले. अंत्यविधीला एल्विस आला नाही. आपल्यामुळे तेथे गर्दीचा तमाशा होईल, अशी त्याला धास्ती होती, असे सांगितले जाते. नंतर त्याने कुटुंबाची भेट घेतली. मागे पत्नी एव्हलिन आणि मुले राहिली.

'काँबो' त्याच्यानंतरही त्याच्याच नावाने वाजत राहिला आणि १९७० च्या दशकात पुन्हा कंट्री संगीताकडे वळला. म्होरक्या जाऊनही ठेका चालू राहावा, यात संगतकाराच्या कलेचे मर्म आहे आणि तिची शोकांतिकाही. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने साथीदार वादकांच्या विभागात ब्लॅकचा समावेश केला तो २००९ मध्ये. एल्विसला हा सन्मान १९८६ मध्ये, सन्मानांच्या पहिल्याच वर्षी मिळाला होता.

मोटारीच्या टपावरून हजारो मैल हिंडलेला तो डबल बास मात्र अडगळीत गेला नाही. १९७० च्या दशकात लिंडा मॅकार्टनी यांनी तो विकत घेऊन पती पॉल मॅकार्टनी यांना वाढदिवसाची भेट म्हणून दिला. मॅकार्टनी स्वतः बासवादक. त्यांच्या कुमारवयात लिव्हरपूलमध्ये त्या वाद्याचा आवाज तबकड्यांमधून पोहोचला होता. १९९५ मध्ये हयात तिघे बीटल्स जॉन लेनन यांच्या जुन्या मुद्रणावरून 'रिअल लव्ह' हे गाणे पूर्ण करण्यासाठी एकत्र आले, तेव्हा मॅकार्टनींनी त्यात हा बास वाजवला. पुढच्या वर्षी ते गाणे प्रसिद्ध झाले आणि ट्रामचालकाच्या मुलाचे वाद्य आणखी एकदा दुसऱ्याच्या गाण्याच्या तळाशी ऐकू आले.